थियागो सिल्वाबद्दल पोरं नेहमी विचारतात ते प्रश्न

कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसलं की मेस्सी-रोनाल्डोच्या गप्पा संपतच नाहीत. वर्ल्ड कप आला की अख्ख्या पेठा ब्राझील नायतर अर्जेंटिनाच्या रंगात रंगतात, पण मागं उभा राहून टीम सांभाळणाऱ्या माणसाबद्दल फार कमी बोललं जातं. मी स्वतः बारा-तेरा वर्षं स्टॉपर खेळलोय त्यामुळे माझा जीव तिकडेच. आमच्या तालमीतली बारकी पोरं मला सिल्वाबद्दल सतत काही ना काही विचारत असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

थियागो सिल्वा म्हणजे नेमका कोण?

पूर्ण नाव थियागो एमिलियानो दा सिल्वा, जन्म २२ सप्टेंबर १९८४, रिओ दि जानेरो. ब्राझीलचा सेंटर बॅक, म्हणजे आपण ज्याला स्टॉपर म्हणतो तो. ब्राझीलकडून ११३ मॅच आणि ७ गोल, चार वर्ल्ड कपच्या टीममध्ये, २०१४ ला घरच्या वर्ल्ड कपमध्ये कॅप्टन. ब्राझीलमध्ये त्याला 'ओ मॉन्स्त्रो' म्हणतात, राक्षस. दिसायला राक्षस वगैरे काही नाही, स्टॉपरच्या मानाने उंची पण मध्यमच, ते नाव त्याच्या खेळामुळे पडलं.

किती देशांत खेळला?

सरळ मोजले तर ब्राझील, पोर्तुगाल, रशिया, इटली, फ्रान्स आणि इंग्लंड, सहा देश. पण यातले दोन देश, पोर्तुगाल आणि रशिया, तिथे तो पहिल्यांदा गेला तेव्हा मेन टीमकडून एकही मॅच खेळला नाही, आणि माझ्या मते त्याचं करिअर समजून घ्यायचं असेल तर सुरुवात या दोन देशांपासूनच करायला पाहिजे, ट्रॉफ्यांची यादी नंतर.

लहानपणी त्याला क्लबांनी नाकारलं होतं हे खरं का?

खरं आहे. रिओच्या पश्चिमेकडच्या गरीब वस्तीत वाढला, पोरवयात फ्लुमिनेन्सच्या अकॅडमीत होता पण तिथे टिकला नाही, मग फ्लामेंगो, मादुरेरा, ओलारिया अशा ट्रायल देत फिरला, कुठेच जमलं नाही. शेवटी घरापासून हजार किलोमीटरपेक्षा लांब, ब्राझीलच्या अगदी दक्षिणेच्या राज्यात आरएस फुटबॉल नावाच्या छोट्या क्लबात गेला आणि तिथून जुवेन्तुदे. सुरुवातीला तो मिडफिल्डला खेळायचा, नंतर मागे आला. हे लक्षात ठेवा, कारण मागून बॉल घेऊन डोकं वर करून पास द्यायची त्याची जी सवय आहे ना ती मला वाटतं तिथूनच आलीय. आमच्याकडे ज्याला पुढे जमत नाही त्याला डिफेन्सला टाकतात आणि त्याचं त्या पोराला वाईट वाटतं. वाटून घेऊ नका.

पोर्तोत काय झालं?

२००४. पोर्तुगालच्या पोर्तो क्लबने नुकतीच कोच मोरिन्योच्या हाताखाली चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकलेली, सगळ्या युरोपचं लक्ष तिकडे, आणि हा वीस वर्षांचा पोरगा तिथे पोचला. स्वप्नातली गोष्ट वाटते ना? पण त्याला बी टीममध्ये टाकलं आणि तब्येत काही साथ देईना, सारखं आजारी. पेपे नावाचा दुसरा डिफेंडरपण त्याच वर्षी पोर्तोत आला आणि तो पुढे तिथे स्थिरावला, रेआल माद्रिदला गेला. सिल्वाला मेन टीमची एक मॅच मिळाली नाही. २००५ ला त्याला डायनॅमो मॉस्कोकडे पाठवलं. त्या वर्षी डायनॅमोने पोर्तुगीज आणि ब्राझिलियन प्लेअर भरपूर जमवले होते, पोर्तोचे मानिश, कोस्तिन्या असले नावाजलेले लोकसुद्धा तिथे गेले होते, म्हणजे अगदीच अनोळखी माणसांत जाऊन पडला असंही नाही.

मॉस्कोत त्याला टीबी झाला होता म्हणजे खरोखरचा टीबी?

हो, आपल्याकडे ज्याला क्षय म्हणतात तोच, फुप्फुसाचा. मॉस्कोत तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, आणि बऱ्याच आधीपासून अंगात होता. मग जवळपास सहा महिने हॉस्पिटल. परका देश, भाषा येत नाही, बाहेर बर्फ, रोज गोळ्या आणि इंजेक्शनं, एकटा खोलीत पडून. फुप्फुसाचा भाग काढावा लागेल असंही बोलणं झालं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं हे त्याने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय. त्याने फुटबॉल सोडायचं ठरवलं होतं, आईने अडवलं.

माझ्या चुलत्यांना टीबी झाला तेव्हा मी नववीत होतो. सुरुवातीला एका ठिकाणी तीन-चार आठवडे नुसतं खोकल्याचं औषधच चालू होतं, थुंकी तपासायचं कुणाला सुचलंच नाही. नंतर निदान झालं आणि घरात वेगळं ताट, वेगळा तांब्या, नातेवाईक उंबऱ्यातूनच चौकशी करून परत जायचे. काका गवंडीकाम करायचे, ताकदीचा माणूस, सहा महिन्यांत पार खंगले. ते बरे झाले पण ती लाज त्यांच्या चेहऱ्यावर पुढे कितीतरी दिवस दिसायची, कुणी काय आजार होता विचारलं की न्यूमोनिया सांगायचे. मला सिल्वाची गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी काकांना दाखवली, ब्राझीलचा कॅप्टन आहे आणि याला तुमचाच आजार झालेला. ते फोनवरचा त्याचा फोटो बराच वेळ बघत बसले, काही बोलले नाहीत.

जगात टीबीचे सगळ्यात जास्त पेशंट आपल्या देशात आहेत. म्हणून ही गोष्ट मी प्रत्येक पोराला सांगतो.

पण टीबी झाल्यावर परत त्या लेव्हलला धावता येतं का?

वेळेवर सापडला आणि कोर्स पूर्ण केला तर साधा टीबी बरा होतो. नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, आणि घोळ होतो तो इथेच, कारण दीड-दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं की लोक गोळ्या सोडतात, मग आजार उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होतो. सिल्वाचं फुप्फुस वाचलं, ऑपरेशन टळलं. पण बरं होणं वेगळं आणि ९० मिनिटं खेळणं वेगळं, कित्येक महिने हालचाल नाही म्हटल्यावर अंग सुटलेलं, दम नाही, त्याला अगदी शून्यापासून सुरू करावं लागलं. दोन आठवडे खोकला असेल तर तपासून घ्या, ग्राउंडवर दम लागतोय म्हणून स्टॅमिना कमी झाला असं समजून आणखी राऊंड मारत बसू नका.

मग त्याला परत कोणी घेतलं?

इवो वोर्टमान नावाचा कोच. जुवेन्तुदेत त्यानेच सिल्वाला खेळवलं होतं, मग डायनॅमोत पण तोच होता, म्हणजे पोरगा आजारी पडला ते त्याने डोळ्यांनी बघितलेलं, आणि २००६ ला तो फ्लुमिनेन्सला आला तेव्हा सिल्वाला घेऊन आला. फ्लुमिनेन्स म्हणजे तोच क्लब जिथे हा पोरवयात टिकला नव्हता. प्लेअरच्या आयुष्यात असा एक कोच लागतो ज्याला आपला खेळ आजाराच्या आधीचा आठवतोय.

तिथे २००७ ला कोपा दो ब्राझील, म्हणजे ब्राझीलच्या क्लबांचा कप, जिंकली. २००८ ला कोपा लिबर्तादोरेसची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल, एक्वाडोरच्या एलडीयू कितोविरुद्ध. तिकडे ४-२ हरले, रिओच्या मराकाना स्टेडियमवर ३-१ जिंकले, थियागो नेवेसची हॅट्ट्रिक, एकूण ५-५, आणि पेनल्टीवर हरले. स्वतःच्या गावात, स्वतःच्या लोकांसमोर. कोच होता रेनातो गाउशो, हे नाव डोक्यात ठेवा, पुढे परत येणार आहे. त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकचं ब्राँझ आणि ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड कप क्वालिफायरमधून ब्राझीलच्या मेन टीमकडून पदार्पण. मॉस्कोच्या खोलीतून बाहेर पडून तीन वर्षं झाली होती फक्त.

मिलानला गेल्यावर सहा महिने मॅच का खेळला नाही?

हा प्रश्न खूप जण विचारतात, त्यांना वाटतं परत आजारी पडला की काय. तसं नाही, कागदाचा प्रश्न होता. इटलीत युरोपियन युनियनच्या बाहेरचे प्लेअर परदेशातून आणायचे तर सीझनला किती आणायचे याची मर्यादा असते आणि मिलानचा त्या सीझनचा कोटा भरलेला होता. तरी सुमारे १ कोटी युरो देऊन त्यांनी त्याला घेऊन ठेवलं आणि जानेवारी २००९ पासून तो नुसता प्रॅक्टिस करत होता, फार तर फ्रेंडली.

पण ते सहा महिने कुणाबरोबर होते बघा. पावलो माल्दिनीचा तो शेवटचा सीझन. शेजारी आलेसांद्रो नेस्ता. जगातले दोन सगळ्यात हुशार डिफेंडर रोज समोर, आणि तुमच्या डोक्यावर मॅचचं टेन्शन नाही, तुम्ही फक्त बघायचं, विचारायचं आणि शिकायचं. स्टॉपरसाठी यापेक्षा मोठी शाळा मला तरी माहीत नाही. माल्दिनी पोझिशन अशी घ्यायचा की टॅकल मारायची वेळच यायची नाही, आणि पुढची पंधरा वर्षं सिल्वा नेमका तसाच खेळताना दिसतो. आमच्याकडे बेंचवर बसवलं की पोरं दुसऱ्या तालमीत जायची भाषा करतात म्हणून हे जरा लांबवून लिहिलं.

२०१०-११ ला मिलान लीग चॅम्पियन, कोच आलेग्री, ३८ मॅचमध्ये फक्त २४ गोल खाल्ले. नेस्ता आणि सिल्वाची जोडी मागे. आणि सप्टेंबर २०११ ची कॅम्प नोऊची मॅच, गार्डियोलाची बार्सिलोना, २-१ ने मागे, इंज्युरी टाइममध्ये कॉर्नर आणि सिल्वाचं हेड, २-२. ती मॅच मी मित्राच्या घरी रात्री टीव्हीचा आवाज बंद करून बघितली होती आणि त्या हेडला ओरडलो म्हणून त्याच्या आईच्या शिव्या खाल्ल्या.

मिलान सोडून पीएसजीला, म्हणजे पॅरिसच्या क्लबला, का गेला? पैशासाठी?

मिलानला पैशाची गरज होती. २०१२ ला क्लबने सिल्वा आणि इब्राहिमोविच दोघांना एकाच उन्हाळ्यात पॅरिसला विकलं, सिल्वाचे सुमारे ४.२ कोटी युरो. मिलानचे लोक खूप चिडले, आणि बरोबरच होतं, त्यानंतर परत लीग जिंकायला त्यांना २०२२ उजाडलं. प्लेअरने जावं की नाही हा वेगळा वाद, पण क्लबच विकायला निघाल्यावर प्लेअरला लोभी म्हणायचं हे मला पटत नाही.

पॅरिसमध्ये आठ सीझन, ३१५ मॅच, त्यातल्या बहुतेक कॅप्टन म्हणून, ७ वेळा लीग. इतकं सगळं जिंकूनसुद्धा लोक त्याला चॅम्पियन्स लीगवरूनच मोजायचे. मार्च २०१५ ला स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सीविरुद्ध मॅच होती, पीएसजी दहा जणांवर खेळत होती, एक्स्ट्रा टाइममध्ये याच्याच हाताला बॉल लागून पेनल्टी गेली, हॅझार्डने गोल केला, दुसऱ्या कुणाचं डोकं गेलं असतं, आणि ११४ व्या मिनिटाला यानेच हेड मारून २-२ केलं आणि दुसऱ्याच्या ग्राउंडवर जास्त गोल केल्याच्या नियमावर टीमला पुढे नेलं. आणि मग मार्च २०१७, बार्सिलोनात ६-१ हार. पहिली मॅच पॅरिसला ४-० जिंकलेली, त्यात सिल्वा दुखापतीमुळे नव्हता, पोरसवदा किम्पेम्बे खेळला. दुसऱ्या मॅचला सिल्वा कॅप्टन होता आणि टीम स्वतःच्या बॉक्समध्ये जाऊन बसली. त्या दिवसाचा दोष त्याच्यावर येतो आणि थोडा यायलाच पाहिजे, डिफेन्सची लाइन बॉक्सपासून पुढे सरकवणं हे मागच्या कॅप्टनचंच काम असतं. मी त्याचा चाहता असलो तरी हे बोलणार.

२०१४ च्या वर्ल्ड कपला तो रडला होता, कॅप्टनने रडायचं का?

यावर माझी इतक्या वेळा भांडणं झालीयेत. २८ जून २०१४, बेलो होरिझोन्ते, चिलीविरुद्ध १-१, १२० व्या मिनिटाला पिनियाचा शॉट बारवर आपटला, नायतर ब्राझील घरच्या वर्ल्ड कपमधून तिथेच बाहेर होती. पेनल्टीच्या आधी कॅप्टन सिल्वा बाजूला जाऊन बॉलवर बसला आणि रडला, आणि माझी पेनल्टी सगळ्यात शेवटी ठेवा म्हणून कोचला सांगितलं. ज्युलिओ सीझरने दोन पेनल्ट्या अडवल्या आणि ब्राझील जिंकली. नंतर अख्ख्या देशात चर्चा, हा मानसिकदृष्ट्या कमकुवत, असला कॅप्टन कशाला.

मला हे कधीच पटलं नाही. वीस कोटी लोकांचं ओझं, आपल्या घरी वर्ल्ड कप, आणि माणूस असा की ज्याला नऊ वर्षांपूर्वी फुटबॉल संपलं असं वाटलं होतं. मला आज पेनल्टी नीट मारता येणार नाही हे कॅप्टनने कबूल करून टीमला त्याचा फटका बसू दिला नाही हे माझ्या दृष्टीने जबाबदारीचं वागणं आहे. छाती काढून पुढे जाऊन बॉल बाहेर मारणारे मी खूप बघितलेत. आणि त्याच कमकुवत माणसाने पुढच्याच मॅचला, ४ जुलैला, कोलंबियाविरुद्ध सातव्या मिनिटाला गोल केला.

मग सेमी फायनलला जर्मनीने ब्राझीलला ७-१ हरवलं तेव्हा तो कुठे होता?

स्टँडमध्ये. कोलंबियाच्याच मॅचमध्ये कीपर ओस्पिना हातातून बॉल सोडत असताना सिल्वा त्याच्या आडवा गेला आणि यलो कार्ड मिळालं, काहीच गरज नव्हती, शुद्ध बावळटपणा. स्पर्धेतलं दुसरं यलो, त्यामुळे सेमी फायनलला सस्पेंड. ब्राझीलने फिफाकडे अपील केलं, ते फेटाळलं. नेमारची पाठ त्याच मॅचमध्ये मोडली. ८ जुलैला जर्मनीविरुद्ध सिल्वाच्या जागी दान्ते, कॅप्टन डेव्हिड लुईझ, आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये.

तो असता तर वाचली असती का? जिंकली असती असं मी म्हणणार नाही, जर्मनी त्या दिवशी वेगळ्याच लेव्हलला होती. पण सहा मिनिटांत चार गोल जातात तेव्हा जर्मनी भारी असते हे अर्धंच कारण असतं, उरलेलं अर्धं म्हणजे मागे कुणीतरी ओरडून सगळ्यांना जागेवर आणणारा लागतो. डेव्हिड लुईझ त्या दिवशी स्वतःच पुढे धावत होता.

नंतर कॅप्टनशिप का गेली?

वर्ल्ड कपनंतर डुंगा कोच झाला आणि त्याने कॅप्टनशिप नेमारला दिली, सिल्वाने वाईट वाटलं म्हणून उघड सांगितलं. मग २०१५ च्या कोपा अमेरिकाला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेत, पॅराग्वेविरुद्ध परत हाताला बॉल, परत पेनल्टी, ब्राझील बाहेर, आणि डुंगाने त्याला टीममधूनच काढला. तिते कोच झाल्यावर परत आला. २०१८ ला सर्बियाविरुद्ध कॉर्नरवर हेड मारून गोल केला, २०१९ ला मराकानावर कोपा अमेरिका जिंकली.

वर्ल्ड कप जिंकला का कधी?

नाही. २०१० ला एकही मॅच मिळाली नाही, २०१४ चं वर सांगितलं, २०१८ ला बेल्जियमकडून हार, २०२२ ला ३८ व्या वर्षी परत कॅप्टन आणि क्रोएशियाविरुद्ध ११७ व्या मिनिटाला गोल खाऊन पेनल्टीवर हार. २०१३ ला कॅप्टन म्हणून कॉन्फेडरेशन्स कप उचलला, फायनलला स्पेनला ३-०. ऑलिम्पिकचं २००८ ला ब्राँझ, २०१२ ला सिल्व्हर.

चेल्सीला फुकट गेला म्हणजे काय?

फ्री ट्रान्सफर म्हणजे प्लेअर फुकट खेळतो असं नाही, पगार मिळतोच. जुना करार संपला की नवीन क्लबला जुन्या क्लबला पैसे द्यावे लागत नाहीत, एवढाच अर्थ. पीएसजीने त्याचा करार वाढवायचा नाही असं ठरवलं होतं, वय ३५, झालं म्हणाले. कोविडमुळे चॅम्पियन्स लीग ऑगस्टपर्यंत लांबली म्हणून फक्त तेवढ्यापुरता तो थांबला, आणि टीमला क्लबच्या इतिहासातल्या पहिल्या फायनलपर्यंत घेऊन गेला. २३ ऑगस्ट २०२०, लिस्बन, बायर्नविरुद्ध ०-१, गोल कोमानचा, जो पॅरिसचाच पोरगा. ती सिल्वाची पीएसजीकडून शेवटची मॅच. पाच दिवसांत चेल्सीने एका वर्षाचा करार जाहीर केला.

प्रीमियर लीगच्या पहिल्याच मॅचला वेस्ट ब्रॉमविरुद्ध त्याच्या पायाखालून बॉल निसटला आणि गोल गेला. इंग्लंडमध्ये लगेच सुरू, म्हातारा आणला, हा वेग याला झेपणार नाही. एका वर्षासाठी आलेला माणूस चार वर्षं खेळला, १५५ मॅच.

३६-३७ व्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये कसं जमलं?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. जानेवारी २०२१ ला टुखेल कोच म्हणून आला, तो पॅरिसमध्येही सिल्वाचा कोच होता, त्याला माहीत होतं याला कसा वापरायचा. त्याने मागे तीन जण केले, सिल्वा मधोमध, एका बाजूला रुडिगर आणि दुसरीकडे आझपिलिकुएटा नायतर क्रिस्टनसन. बाजूला पळायचं काम त्या दोघांचं, सिल्वाचं काम बघायचं, बोलायचं, आणि मधून बॉल पुढे द्यायचा. पायातला वेग कमी झाला होता पण डोक्यातला नाही.

त्याची एखादी मॅच बॉलकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघून पाहा. पास निघायच्या आधीच तो दोन पावलं सरकलेला असतो. मान सारखी फिरत असते, मागे कोण, बाजूला कोण. स्ट्रायकरला चिकटत नाही, हातभर अंतर ठेवतो, म्हणजे बॉल पायात आला तर पुढे जाऊन काढायचा आणि मागे टाकला तर आधी वळायचं. जमिनीवर लोळण घ्यायची वेळ त्याच्यावर क्वचित येते. आमच्याकडे स्लायडिंग टॅकल मारली की टाळ्या पडतात, मला पण पडायच्या आणि मला ते फार आवडायचं, पण प्रत्येक टॅकल म्हणजे त्याच्या तीन सेकंद आधी आपण कुठेतरी चुकीच्या जागी उभे होतो हे मला त्याला बघूनच कळलं, तोपर्यंत माझा उजवा गुडघा गेला होता.

चॅम्पियन्स लीग कुठे जिंकला?

पोर्तोत! २९ मे २०२१, मँचेस्टर सिटीविरुद्ध १-० आणि ग्राउंड कुठलं तर एस्तादिओ दो द्रागांव, ज्या क्लबने त्याला मेन टीममध्ये एक मिनिट दिलं नव्हतं त्यांचंच. आधी फायनल इस्तंबूलला होती, कोविडमुळे हलवली. मांडीच्या सांध्याच्या दुखापतीने ३९ व्या मिनिटाला बाहेर जावं लागलं, क्रिस्टनसन आत आला, आणि सिल्वा डोळे पुसत बाहेर गेला. तीनच मिनिटांत हावर्ट्झचा गोल. बाकी सगळी मॅच बाहेरून बघितली आणि शेवटी कप हातात घेतला. त्या वेळी कॉमेंट्रीत कुणीतरी पोर्तोचा जुना संबंध पुसटसा सांगितला आणि पुढे गेले, मला वाटत होतं थांबवा सगळं आणि मॉस्कोची पूर्ण गोष्ट सांगा लोकांना.

इतके देश बदलले तर भाषा आणि घरच्यांचं काय?

इटालियन, फ्रेंच शिकला, २०१९ ला फ्रान्सचं नागरिकत्वही घेतलं. इंग्रजीत मात्र सुरुवातीला अडचण होती, मैदानात फ्रेंच आणि पोर्तुगीज बोलणारे सोबतीला होते म्हणून निभावलं. स्टॉपरला भाषा फॉरवर्डपेक्षा जास्त लागते, कारण त्याचं अर्धं काम ओरडायचं असतं. दोन्ही मुलं चेल्सीच्या अकॅडमीत खेळायची.

ब्राझीलला परत का गेला?

२०२४ ला चेल्सी सोडून फ्लुमिनेन्सला गेला, आणि क्लबची अवस्था काय होती तर आदल्याच वर्षी लिबर्तादोरेस जिंकलेली टीम लीगमध्ये तळाला. चाळिशीला आलेला माणूस टीमला रेलिगेशनपासून, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्यापासून, वाचवायला गेला आणि वाचवलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत क्लब वर्ल्ड कप, कोच कोण तर तोच रेनातो गाउशो, २००८ चा. कीपर फाबिओ तर त्याच्याहून मोठा, ४४ वर्षांचा. इंटर मिलानला २-०, अल हिलालला २-१, आणि सेमी फायनलला समोर चेल्सी. ०-२ हरले, दोन्ही गोल जोआंव पेद्रोचे, जो फ्लुमिनेन्सच्याच अकॅडमीत वाढलेला, त्याने गोल झाल्यावर जल्लोष न करता हात जोडले.

आपल्याकडचा कोणी डिफेंडर असा बाहेर गेलाय का?

संदेश झिंगान. २०२१ ला क्रोएशियाच्या टॉप लीगमध्ये शिबेनिककडे गेला, पण तिथे पोचताच दुखापत आणि एकही मॅच न खेळता परत आला. लोकांनी त्याची टर उडवली. तो परत येऊन इथे उभा राहिला, पुढे एफसी गोवाकडून खेळला, देशाचा मेन स्टॉपर राहिला. जाऊन खेळायला न मिळणं म्हणजे काय हे सिल्वाचं वाचल्यावर तरी आपल्याला कळायला हवं, निदान जाऊन आलेल्या माणसाला हसू नये.

आता कुठे आहे?

डिसेंबर २०२५ ला फ्लुमिनेन्स सोडलं आणि ४१ व्या वर्षी नवीन क्लबशी करार केला. पोर्तोशी. काकांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "मॅच कधी आहे ते सांग, मी येतो बघायला."